आजोबांच्या फॉर्मवर 'निरक्षर' लिहिताना

पांझराकाठ | शनिवार, रात्री ९:१०

गेल्या आठवड्यात आजोबांचा एक फॉर्म भरत होते. नाव, गाव, अंदाजे जन्मतारीख आणि मग 'शिक्षण'. मी 'निरक्षर' लिहिलं. खालचा रकाना 'व्यवसाय'. वडील म्हणाले, "काही नाही असं लिही, आता काय करतात ते?" आजोबा बाजूच्या खाटेवर बसून बघत होते. विचारलं, "काय लिखं वं बाई तठे?" मला सांगवेना. "काही नही बाबा, नाव लिखं," म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आजोबा फडावर पाटकरी होते, तीसेक वर्षं. खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून लहान लहान दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याच्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली असते, बहुतेक ठिकाणी चार. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात भुसार, असं आळीपाळीने. कोणत्या फडात काय घ्यायचं, पाणी कमी असलं तर किती फड भिजवायचे आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे शेतकरी एकत्र बसून ठरवायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन बहुतेक सगळ्या फडांत, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा. पाटकरी पाणी वाटणार, बारेकरी वाफ्यापर्यंत नेणार, जागल्या पीक राखणार, हवालदार सगळ्यांवर. पगार नाही. पीक निघालं की एकराच्या हिशेबाने धान्य मिळायचं.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर पाटावर जायचे. एक सकाळ अजून जशीच्या तशी आठवते. ते चारीच्या तोंडाशी उकिडवे बसले, तळहात पाण्यात आडवा धरला आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून वरच्या अंगाला चालत गेले. दोन वळणांवर पाटाच्या बांधाला खेकड्याने पाडलेलं भोक होतं आणि पाणी दुसऱ्याच शेतात झिरपत होतं. चिखलाचा गोळा, वर गवताचा चुंबळा, त्यावर पायाचा दाब. परत आले, पुन्हा हात धरला. "आते बरोबर शे." मी विचारलं, कळलं कसं? म्हणाले, पाणी हाताला लागतं तेवढं लागत नव्हतं.

मी आता जळगावला कॉलेजात शिकवते. याच गोष्टीला आमच्याकडे प्रवाहमापन म्हणतात, त्याला सूत्र आहे, उपकरण आहे आणि ते वापरणाऱ्याला पदवी लागते. त्या पदवीला मी कमी लेखत नाही, माझं पोट तिच्यावर आहे. विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले ते सुरुवातीलाच आमच्या भागात होते. पांझरेवर दातर्तीला पाणी नळातून पलीकडे नेणारा सायफन त्यांनी केला. पुढे १९०३ च्या सुमारास त्यांनी नीरा कालव्यासाठी जी ब्लॉक पद्धत आणली, जमिनीचे गट पाडून पिकं फिरवायची, ती ज्याने फड पाहिलाय त्याला अनोळखी वाटत नाही. म्हणजे पुस्तकवाल्यांनी आणि पाटवाल्यांनी एकच पाणी पाहिलंय.

फड आता विस्कटले. वर धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि बोअर आले, पाण्यासाठी एकत्र बसायची गरज उरली नाही. आजोबांना जे येत होतं ते अजूनही येतं, पण ते विचारणारं कोणी राहिलं नाही. मला वाटतं ज्ञानाची किंमत इथेच ठरते. माणसाला किती येतं यावर नाही, तर गाव त्याला कशासाठी बोलावतं, कुठे बसवतं आणि त्याबद्दल काय देतं यावर.

तुमच्या गावात काय आहे? कोणाला 'शिकलेला' म्हणतात? कोणाला नुसतं 'येतं'? आठवणी लिहा, मतभेद असतील तर तेही लिहा.

---

केळीबाग_रावेर | शनिवार, रात्री १०:०२

ताई, मी बी.एस्सी. ॲग्री आहे आणि घरची केळी आहे, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलंय.

आधी पुस्तकाच्या बाजूने सांगतो. माझे वडील कंद लावायचे तेव्हा घड हातात यायला पंधरा ते अठरा महिने लागायचे. ग्रँड नैन जातीची उतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपं आणि ठिबक आलं आणि तेच अकरा-बारा महिन्यांवर आलं. आमच्या पट्ट्यातल्या पक्क्या घरांच्या पायात ते चार-सहा महिने आहेत. हे प्रयोगशाळेतून आलं, कोणाच्या बांधावरून नाही. सीएमव्ही (कुकंबर मोझॅक व्हायरस) रोगाचंही तसंच. पानावर पिवळ्या रेषा दिसल्या की जुने लोक म्हणायचे खत कमी पडलं, आणि खत टाकत बसायचे. तो विषाणू आहे, मावा तो पसरवतो, शेजारी काकडी-भोपळा लावला तर तिथून येतो, आणि रोगट झाड उपटून नष्ट करण्याला पर्याय नाही, हे आम्हाला शास्त्रज्ञांनी सांगितलं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे वीस वर्षांपासून एक मावशी कामाला येतात. बुंध्याशी चार-पाच पिलं फुटलेली असतात, त्यातलं एक पीलबागेसाठी, म्हणजे त्याच कंदावरच्या पुढच्या पिकासाठी, ठेवायचं आणि बाकीची कापायची. कॉलेजात मी शिकलो की तलवारीसारख्या अरुंद पानाचं पील ठेवावं, रुंद पानाचं दिसायला जोमदार असलं तरी त्याचा कंदाशी धागा कच्चा असतो. परीक्षेत बरोबर लिहिलंही. पहिल्या वर्षी बागेत उभा राहिलो तर दोन पिलं तलवारीचीच. मावशींनी एकावर विळा ठेवला आणि म्हणाल्या, "हे रांगेच्या बाहेर पडेल, पुढच्या साली नळीपासून लांब राहील आणि घड वाटेवर लोंबेल." एका पिलात त्यांनी पुढच्या वर्षीची नळी, वाट आणि घड सगळं पाहिलं होतं.

त्यांना रोज मिळतो तोच, निंदणीला येणाऱ्या कालच्या पोरीइतका. वीस वर्षांची नजर हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही. ताई, हे मी आज पहिल्यांदा लिहून पाहतोय आणि मला बरं वाटत नाहीये. मृगबागेच्या (पावसाळी लागवडीच्या) कामाला माणसं लावू तेव्हा पील काढणीचा रोज वेगळा धरणार आहे. घरी बोलणं झालंय.

---

गिरणामाय | शनिवार, रात्री १०:१५

केळीबाग दादा, शेवटच्या दोन ओळींसाठी मनापासून आभार.

---

वाइंडिंग_चोपडा | शनिवार, रात्री ११:२०

'कोणाला शिकलेला म्हणतात' याचं उत्तर लग्नाच्या बायोडाट्यात बघा.

मी आयटीआय केलंय. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आता मी बघतो. पाणबुडी मोटर जळाली की शेतकरी ती मोटारसायकलवर बांधून रात्री अकराला आणतो, कारण सकाळी लाइट आठ तासच असते आणि केळी किंवा कापूस थांबत नाही. वडील मोटर उघडायच्या आधी वास घेतात. वार्निश जळाल्याचा वास वेगळा आणि पाणी शिरून जळाल्याचा वेगळा. मग शेतकऱ्याला विचारतात, व्होल्टेज कमी होतं का, एक फेज गेला होता का. कॉइल भरणं कोणीही शिकेल. पण मोटर का जळाली हे सांगितलं नाही तर ती पंधरा दिवसांनी परत येते.

तीन वर्षांत माझ्यासाठी सात ठिकाणी बोलणं झालं. सगळीकडे पहिला प्रश्न, "मुलगा कंपनीत आहे का?" एका ठिकाणी मुलीचे वडील स्वतः आमच्याकडून दोनदा मोटर भरून घेऊन गेलेले. माणूस चांगला, वडिलांना जिभाऊ म्हणतो. पण मुलगी दिली ती पुण्यात कंत्राटावर असलेल्या पदवीधराला. मला त्या मुलाबद्दल वाईट बोलायचं नाही, तोही कष्टच करतोय. मला एवढंच सांगायचंय की रात्री अकराला आमच्या ज्ञानाची किंमत आहे, सोयरिकीला बसल्यावर नाही. माणसं तीच असतात.

---

खापर | रविवार, सकाळी ७:३०

बायकांचं तर 'येतं' सुद्धा म्हणत नाहीत. ते धरूनच चालतात.

मांडे करणाऱ्या बाईचं काम एकदा जवळून बघा. गहू ओलवायचे, दळायचे, पीठ कापडातून चाळायचं. मळून तेलाचा हात लावून इतकं तिंबायचं की ताणलं तर तुटू नये. पुरण भरायचं आणि मग पोळपाट-लाटणं बाजूला. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मांडा वाढवायचा, मनगटावरून पार कोपरापर्यंत. कागदासारखा पातळ झाला की पालथ्या खापरावर टाकायचा. खापर जास्त तापलं तर पुरण करपतं, कमी तापलं तर मांडा चिकटतो. माझ्या सासूबाई खापरावर पाण्याचा शिंतोडा मारतात आणि आवाजावरून सांगतात, एक लाकूड मागे घे.

मी पदवीधर, लग्नाला चौदा वर्षं झाली. माझा मांडा अजून टोकाला फाटतो. सासूबाईंनी एकदाही टोमणा मारला नाही, फक्त माझा हात धरून कोपर थोडं खाली केलं. शिकवणं याला म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक. आमच्या नात्यातल्या एक काकू आता नाशिक-पुण्याकडे लग्नांत मांडे करायला जातात. नगावर पैसे मिळतात, गाडी घ्यायला येते. गावात त्याच काकू शेजारच्या लग्नात रात्रभर बसून तेच करायच्या आणि मिळायचं काय, तर ब्लाउजपीस. काम तेच आणि हातही तेच. बाहेरच्याने पैसे मोजले तेव्हा घरच्यांना ती कला वाटायला लागली. मला यात आनंदही आहे आणि थोडं दुखतंही.

---

तापीखोरे | रविवार, सकाळी ९:०५

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. जुनं आणि न लिहिलेलं सगळंच ज्ञान नसतं.

आमच्या काकांनी पारोळ्याकडे शेतात तीन बोअर घेतले. तिन्ही पाणाड्याने हातावर नारळ ठेवून दाखवलेल्या जागी, आणि तिन्ही कोरडे. सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. तो पाणाड्या लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याचं नाव झालं होतं यावल-रावेरकडे. तिथे सातपुड्याच्या पायथ्याला गाळ-गोट्यांचा पट्टा आहे, भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात, डोंगरातून आलेलं पाणी त्यात मुरतं. तिथे नारळ कुठेही उभा राहिला तरी खाली पाणी लागण्याची शक्यता चांगली असते. आमच्याकडे काळा खडक. त्यात पाणी असतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, चार पावलं चुकलं की काहीच नाही. यश जमिनीचं होतं, नाव नारळाचं झालं.

पांझराकाठ ताईंच्या आजोबांची गोष्ट मला वेगळी वाटते. पाटकऱ्याची चूक त्याच संध्याकाळी उघडी पडते, शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही आणि तो शेतकरी दारात येऊन उभा राहतो. त्यामुळे तो रोज दुरुस्त होत जातो. पाणाड्याच्या लागलेल्या विहिरी गाव लक्षात ठेवतं आणि कोरड्या विसरतं. साप चावल्यावर दवाखान्याआधी भगताकडे नेतात तिथेही हेच. बिनविषारी साप चावलेले वाचतात आणि भगताचं नाव होतं, विषारी चावलेल्याचा तेवढा वेळ जातो. मान देताना हा फरक करायला हवा. नाहीतर पाटकरी आणि पाणाड्या एकाच रांगेत बसतील.

---

पांझराकाठ | रविवार, सकाळी ९:४०

तापीखोरे, पटलं. शेवटच्या वाफ्याचा शेतकरी दारात येतो हे माझ्या लेखात यायला हवं होतं. तो आमच्या दारात खरंच यायचा.

---

निळी_पहाट | रविवार, दुपारी १:१५

मी हे सकाळपासून तीनदा लिहून खोडलं.

तुमच्या सगळ्यांच्या आठवणी खऱ्या आहेत. पण माझ्या आजोबांनाही खूप 'येत' होतं. मेलेलं ढोर ओढून न्यायचं, कातडं काढायचं, चुना लावायचा, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं, मोटेला लागणारं चामडं शिवायचं. मोटेचा एक टाका चुकला तर पाणी वर येईपर्यंत अर्धं गळून जाईल, इतकं बारीक काम. त्या मोटेवर गावाची बागायत उभी होती. गाव त्यांना बोलवायचं, धान्यही द्यायचं. ताईंनी तीन गोष्टी लिहिल्या, कशासाठी बोलावतं, कुठे बसवतं, काय देतं. मधली बघा. कुठे बसवतं? उंबऱ्याबाहेर. धान्य वरून टाकायचे.

म्हणून हाताच्या ज्ञानाचं कौतुक ऐकलं की मला आधी भीती वाटते. आमच्याकडे ते निवडलेलं नव्हतं, जन्माने गळ्यात पडलेलं होतं. पदवीने ते सोडवलं. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथे गर्दी लोटते. माझी आजी, जिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पायी गेलेली आहे. ती कशाला नमस्कार करत होती? आपल्यातला एक माणूस एवढं शिकला आणि कोर्टात उभा राहून बोलला, याला. आमच्या वस्तीत पदवी म्हणजे नोकरीचा कागद नाही. उंबऱ्याच्या आत यायचा तो रस्ता आहे.

आजोबांच्या हातातलं कसब गेलं याचं मला वाईट वाटतं का? हो, वाटतं. त्यांची आरी माझ्याकडे आहे. पण माझ्या मुलीने ते शिकावं असं कोणी म्हटलं तर मी आधी विचारेन, ती शिकली तर तुम्ही तिला कुठे बसवणार?

---

गिरणामाय | रविवार, दुपारी १:५०

निळी_पहाट, हे खोडलं नाहीत हे फार बरं केलंत.

---

वाइंडिंग_चोपडा | रविवार, दुपारी २:३०

दादा, मी काल लिहिलं तेव्हा हे माझ्या ध्यानात नव्हतं. माझं दुकान मी निवडलंय, आणि नको वाटलं तर उद्या बंद करू शकतो. फरक आहे.

---

पाटणादेवी_रोड | रविवार, सायं. ५:१०

चाळीसगावहून लिहितोय. मी इतिहासाचा शिक्षक होतो, आता निवृत्त.

पाटणादेवीला तुम्ही बरेच जण गेला असाल. तिथल्या पाटण गावी शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ राजाने दान दिलं, अशी ती हकिगत. वरचा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी गणित बदलतं आणि भाषाही. मठाला बाजारातून काय मिळायचं ते मराठीत कोरलंय. गावात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा वाटा मठाला. जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल. आणि इथे जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं.

वर्गात हे मी तीस वर्षं सांगत आलो आणि दरवेळी पोरं तेलाच्या पळीपाशी थांबायची. ग्रहगणित आकाशाचं, त्याचा दिवा मात्र घाण्यावर बैल फिरवणाऱ्याच्या तेलावर जळतोय. शिवाय बाजारातलं माप मठाचं, म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून. त्या तेल्याला विचारून हे ठरवलं होतं का, ते लेखात नाही. निळी_पहाट यांचं वाचल्यापासून मी त्याच प्रश्नाशी आहे. मी तो वर्गात कधी विचारला नव्हता.

---

अक्राणीची_बाई | रविवार, रात्री ८:४५

मी धडगावकडच्या पाड्यावर शिक्षिका आहे, मूळची शिरपूरची. पहिल्या वर्षी मी वहीत एका मुलाबद्दल लिहिलं होतं, 'बोलत नाही, प्रगती कमी'. चौथीतला. घरी पावरी बोलायचा, वर्गात मराठी. मी विचारलं की खाली बघायचा.

एप्रिलमध्ये त्यांच्या पाड्यावर गेले तर आमचूरचं काम चालू होतं. कच्चे आंबे सोलून, काप करून खडकावर वाळत घातलेले. तो मला हाताला धरून घेऊन गेला आणि अर्धं पावरी, अर्धं मराठी, न थांबता बोलला. कुठल्या झाडाचा आंबा आधी उतरवायचा, काप केवढा जाड ठेवायचा, वळवाचा पाऊस आला की काप काळे पडतात आणि व्यापारी निम्मा भाव देतो, म्हणून आभाळ कुठल्या बाजूने भरलं की आवराआवर सुरू करायची. मी विचारलं, एक टोपली आंब्याचं किती आमचूर होतं? त्याने एक मूठ हवेत धरून दाखवली, मग म्हणाला, "पण त्या झाडाचं जास्त, त्याची कोय लहान." हे गुणोत्तर-प्रमाण आहे. मी ते त्याला पाचवीत शिकवणार होते.

वर्गात परत आल्यावर मी गणिताचा तास आमचूरवर घेतला. सोललेल्या आंब्याचं वजन, वाळल्यावरचं वजन, भाव, तोटा. तो फळ्यापाशी आला. आकडेमोडीत चुकला, ती मी सुधारली. जाडीचा अंदाज माझा चुकला, तो त्याने सुधारला. वहीतली ती नोंद मी बदलली, पण त्याआधी किती जणांबद्दल मी तसंच लिहून मोकळी झाले असेन, ते आता शोधता येत नाही.

त्याने शिकावंच, पुढे नंदुरबारला, धुळ्याला जावं. व्यापाऱ्याचा काटा आणि पावती त्याला वाचता आलीच पाहिजे, कारण त्याच्या वडिलांना येत नाही आणि तिथेच ते दरवर्षी फसतात. जाडीचं ज्ञान आहे, काट्याचं नाही, म्हणून मेहनतीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात.

---

बोरीकाठ_अमळनेर | रविवार, रात्री १०:३०

आमच्या अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था निघाली, तीही एका गिरणीमालकाच्या, प्रतापशेठजींच्या पैशांवर. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे विद्वान इथे येऊन राहिले. त्याच गावात १९४५ च्या डिसेंबरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिलाच आज जग विप्रो म्हणून ओळखतं. तेल आणि वेदान्त एका गावात नांदले. पाटणच्या पळीची गोष्ट वाचून हे आठवलं.

पण मला लिहायचंय ते विद्यापीठाबद्दल. जळगावचं विद्यापीठ १९९० चं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं. असोद्याची लेक, शेतात राबणारी, लिहिता-वाचता न येणारी. पदवीच्या कागदावर आज तिचं नाव छापतात. मुलाने, सोपानदेवांनी, ओव्या ऐकता ऐकता कागदावर उतरवल्या नसत्या तर १९५१ साली सगळं तिच्याबरोबर गेलं असतं. पुस्तक आलं १९५२ मध्ये, तिच्या मागे.

धुळ्यात इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दप्तरं, म्हणजे जुने कागद, गोळा केली, म्हणून ती वाचली. ज्याच्याकडे दप्तर होतं त्याचं वाचलं. पाटकऱ्याकडे, त्या मावशींकडे, मोट शिवणाऱ्याकडे कुठलं दप्तर होतं? पांझराकाठ ताई, तुम्ही शिकवता, तुम्हाला लिहिता येतं, आणि आजोबा अजून आहेत.

---

सिव्हिल_तिसरं_वर्ष | सोमवार, सकाळी ८:२०

ताई, मी धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे. प्रकल्पासाठी विषय शोधत होतो. आजोबा हाताने पाणी कसं मोजतात ते बघायला येऊ का? मला प्रवाहमापक आणता येईल, कॉलेजातून मिळतो. ते आधी हात धरून सांगतील आणि मग मी मोजेन, दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या चाऱ्यांवर. जुळलं नाही तर तेही तसंच लिहीन. प्रकल्पावर त्यांचं नाव घालायला सर तयार आहेत, आभारात नाही, पहिल्या पानावर.

---

पांझराकाठ | सोमवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. निळी_पहाट, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, फडाच्या बैठकीत तुमच्या वस्तीतला जागल्या असायचा, रात्रभर रानात तो एकटा फिरायचा, आणि बैठकीला तो लिंबाच्या पलीकडे बसायचा. "आम्ही बोलावं नही." एवढंच. मी याआधी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. फडाबद्दल मी जे लिहिलं, 'शेतकरी एकत्र बसून ठरवायचे', त्यात हे जोडून वाचावं.

तो फॉर्म आज दिला. 'शिक्षण' पुढे 'निरक्षर' तसंच ठेवलं, कारण ते खरं आहे. 'व्यवसाय' पुढे 'काही नाही' ऐवजी 'पाटकरी' लिहिलं. खिडकीतल्या मुलाने विचारलं, हे काय असतं? तो धरणगावकडचा होता, त्याला फड माहीत नव्हता. आजोबांनी काउंटरवर बोटाने पाट काढून त्याला समजावलं. मागे रांग होती, पण कोणी आवाज केला नाही.

सिव्हिल_तिसरं_वर्ष, तुझं त्यांना विचारलं. यंत्र आणणार म्हटल्यावर खूश झाले, त्यांनाही बघायचंय. पण लगेच येऊ नकोस. निरोप त्यांच्याच शब्दांत देते : "पाट आते कोरडा शे. कोरडा पाट दखाडीसन काय करू? पानी सुटी तवय ये सांग त्याले, आनि सकायमा ये."